बाथरूमची लादी गरम करायची म्हणजे नक्की काय काय करायचं

ताई, आधी तुमचा प्रश्न नीट मांडून घेतो म्हणजे घोळ नको. मुलुंडला चौथ्या मजल्यावर फ्लॅट, बाथरूम ५ बाय ८ फूट, खालच्यांकडे लीकेज होतंय म्हणून लादी तोडून वॉटरप्रूफिंग करणारच आहात. आई ७८ वर्षांच्या, गुडघ्यांचा त्रास, मध्ये सहा महिने तुमच्या बहिणीकडे कॅनडात राहून आल्या, तिकडे बाथरूमची लादी गरम असायची आणि आता इथे डिसेंबर-जानेवारीत सकाळी पाय टाकला की लादी चावते म्हणतात. काँट्रॅक्टर म्हणतो हीटिंग मॅट, म्हणजे जाळीवर बसवलेली विजेवर तापणारी वायर, तुम्ही आणून द्या, आम्ही कोब्यावर, म्हणजे लादीखालच्या विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या भरणीवर, टाकून वरून लादी मारून देतो. आणि तुमचे प्रश्न तीन, मुंबईत हे चालतं का, शॉक लागेल का, बिल किती येईल.

मी दादरला इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर आहे, लायसन्सवाला, बावीस वर्षं झाली. फ्लोअर हीटिंगची कामं मात्र मोजून अकरा केलीत, त्यातली सात महाबळेश्वर-लोणावळ्याच्या बंगल्यांमध्ये आणि चार मुंबईत. त्यामुळे खूप केलंय असं नाही म्हणणार, पण अकरापैकी दोन बिघडलेली स्वतः उघडून दुरुस्त केलीत, आणि खरं शिकलो ते त्या दोनांतूनच.

पहिलं म्हणजे काँट्रॅक्टरला थांबवा. कोब्यावर डायरेक्ट मॅट टाकायची नाही.

का ते सांगतो, कारण सगळ्या कामाचा जीव इथेच आहे. परदेशातले व्हिडिओ बघून लोक येतात, तिकडे खाली लाकडाची फ्लोअर असते नाहीतर आधीच इन्सुलेशन घातलेलं असतं. आपल्याकडे मुंबईत बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला, संकन स्लॅब, त्यात पाइप टाकून वर ब्रिकबॅट कोबा भरलेला. समजा मॅट २ चौरस मीटरची आहे आणि भरणी ८ इंच, तर तेवढ्या भागाखाली साधारण पाऊण टन विटा आणि सिमेंट आहे. तुमची ३०० वॉटची मॅट आधी हे पाऊण टन गरम करायला बघणार. ५ डिग्रीने वर न्यायचं म्हटलं तरी जवळजवळ एक युनिट जातं आणि ३०० वॉटने ते करायला तीन तास लागतात, तोपर्यंत आईंची आंघोळ, पूजा, चहा सगळं उरकलेलं असेल. आणि उरलेली ऊब खालच्यांच्या सिलिंगला. आधी त्यांना पाणी पाठवत होतात, आता ऊब पाठवाल, सोसायटीच्या मीटिंगला तेवढाच एक नवीन विषय.

म्हणून मॅटच्या खाली इन्सुलेशन बोर्ड पाहिजे. एक्सपीएस नावाचा दाट फोम असतो, दोन्ही बाजूंनी सिमेंटचा थर आणि जाळी, खास लादीखाली घालायला बनवलेला. ६ एमएममध्ये येतो, १० एमएममध्येही येतो, तुमचं सगळं तुटणारच आहे तर १० घ्या. साधं थर्माकोल चालणार नाही, ते दबतं आणि वरची लादी तडकते. बोर्ड नीट बसला असेल तर अर्ध्या-पाऊण तासात लादी पायाला कळण्याइतकी गरम होते. मी चारपैकी एका मुंबईच्या कामात मालकांच्या आग्रहाखातर बोर्डशिवाय मॅट टाकली होती, उंची वाढते म्हणाले. ते आता पहाटे साडेतीनला टायमर लावतात.

बरं, मुंबईत मुळात गरज आहे का? प्रामाणिकपणे सांगायचं तर खोली गरम करायला अजिबात नाही. सांताक्रूझला आजवरचं सगळ्यात कमी तापमान ७.४ डिग्री, तेही २२ जानेवारी १९६२ ला, एरवी थंडीतली सकाळ १५-१७ च्या आसपास असते. वेण्णा लेकवर दव गोठल्याचे फोटो पेपरात येतात तेव्हा आपण मुंबईकर फार तर पंखा एकवर आणतो. पण लादीचं वेगळं असतं. लादी आणि लाकडी पाट दोन्हीचं तापमान एकच असलं तरी लादी पायातली ऊब भराभर ओढून घेते, म्हणून ती चावते आणि पाट चावत नाही. म्हणजे आपल्याला हवा तापवायची नाहीये, फक्त तळपायाखालचा थर २८ डिग्रीपर्यंत न्यायचाय. त्याला १५० वॉट प्रति चौरस मीटरवाली मॅट भरपूर झाली. कोणी २०० वॉटवाली गळ्यात मारायला लागला तर घेऊ नका, ती थंड देशातल्या बाथरूमसाठी ठीक आहे.

आणि एक गोष्ट मला चौथ्या कामानंतर कळली. माहीमला एका आजोबांसाठी केलं होतं, मी वर्षभराने सहज विचारलं थंडीत कसं वाटलं, तर म्हणाले थंडीचं सोडा हो, मी हे जुलैत लावतो. पावसाळ्यात आपल्याकडे बाथरूमची लादी दिवसभर सुकतच नाही, सांध्यांत काळं धरतं, घसरायला होतं. दुपारी तास-दोन तास मॅट आणि जोडीला एक्झॉस्ट फॅन लावला की लादी खडखडीत कोरडी. ७८ वर्षांच्या बाईला गरम लादीपेक्षा कोरड्या लादीचा उपयोग जास्त आहे असं माझं मत. तरीही सांगतो, लादी तुटणार नसती तर केवळ यासाठी तोडा असं मी म्हटलं नसतं. तुमची तुटतेच आहे म्हणून करा. आणि त्याच खर्चात भिंतीला पकडायला दांडा बसवून घ्या, तो आधी.

आता मॅटची साइज. ५ बाय ८ म्हणजे ४० चौरस फूट, ३.७ चौरस मीटर, पण तेवढी मॅट घ्यायची नाही. कमोडखाली मॅट नाही, बेसिनच्या कपाटाखाली नाही, नहाणी ट्रॅपच्या भोवती वीतभर सोडायचं, भिंतीपासून दोन-तीन इंच सोडायचं. उरतो तो चालायचा आणि आंघोळीचा भाग, साधारण २ चौरस मीटर. मॅट अर्धा मीटर रुंदीच्या पट्ट्यात येते, म्हणजे ४ मीटर लांबीचा रोल. वळवायचा असेल तिथे फक्त जाळी कापायची आणि पट्टी फिरवायची, वायर कापायची नाही, कधीच नाही, एक इंचही नाही. वायर आखूड केली की तिचा रेझिस्टन्स कमी होतो, करंट वाढतो आणि ती जळते. म्हणून मोठी आणून कापू हा हिशोब इथे चालत नाही, शंका असेल तर छोटी साइज घ्या. वायर वायरवर चढता कामा नये हेही तितकंच महत्त्वाचं. ट्विन कंडक्टरवाली घ्या, तिचं एकच टोक थर्मोस्टॅटकडे, म्हणजे लादीचं तापमान बघून मॅट चालू-बंद करणाऱ्या स्विचकडे, आणावं लागतं, आणि वायरवर अर्थिंगची वेणी, म्हणजे ब्रेडिंग, असलेलीच घ्या. लोहार चाळीत विचारलंत तर दहातले नऊ दुकानदार गीझरची कॉइल काढून दाखवतील, तेव्हा आधी फोन करून मागवायला लागेल हे धरून चला आणि मॅट हातात येईपर्यंत लादीवाल्याला तारीख देऊ नका.

थर कसे येतील ते खालून वर सांगतो. कोबा, त्यावर ट्रॅपकडे ढाळ, वॉटरप्रूफिंगचे कोट, मग पाणी भरून कमीत कमी दोन दिवस ठेवून खालच्यांच्या सिलिंगवर नजर. हे पास झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण नंतर लीकेज निघालं तर मॅटसकट सगळं गेलं. मग इन्सुलेशन बोर्ड, आणि तो केमिकलने, म्हणजे लादी चिकटवायच्या तयार मसाल्याने, चिकटवायचा, स्क्रू मारून नाही. पाकिटावर स्क्रू-वॉशरचं चित्र असतं, कारागीर ते बघून ड्रिल घेऊन उभाच असतो, आणि तुमच्या नव्या वॉटरप्रूफिंगला वीस भोकं पडतात. बोर्डवर मॅट, मॅटवर केमिकलचा पातळ थर वायर पूर्ण झाकेपर्यंत. तो सुकल्यावर त्याच्यावर अजून एक वॉटरप्रूफिंगचा कोट जाळीसकट, कारण आपण बादलीने अंघोळ करणारी माणसं, आपली पूर्ण लादी रोज भिजते. वर लादी. बोर्डपासून लादीपर्यंत सगळं धरून साधारण ३० एमएम होतं. जुन्या पद्धतीने सिमेंटच्या मालात लादी बसवली तरी तेवढी, किंबहुना जास्तच, उंची जायची, त्यामुळे उंबऱ्याची अडचण सहसा येत नाही. फक्त कोब्याची लेव्हल आधीच खाली धरायला सांगा, नंतर काहीच करता येत नाही. सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड सुचवतील, ते बेडरूमला ठीक, बाथरूममध्ये ते ओतलं की ढाळ गायब.

लादी कुठलीही चालेल, अँटीस्किड सिरॅमिक, व्हिट्रिफाइड, कोटासुद्धा चालेल, जाड दगड जरा सावकाश तापतो एवढंच. पण बसवायची पद्धत बदलावी लागते. आपल्याकडे बरेच कारागीर पाच गोळे मारतात, चार कोपऱ्यांना आणि एक मध्ये, आणि लादी दाबतात. मधे हवा राहते. वायर सिमेंटमध्ये रुतलेली असेल तर तिची गरमी निघून जाते, हवेच्या पोकळीत असेल तर तिथल्या तिथे तापत राहते आणि वर्षा-दोन वर्षांत तिथेच जाते. म्हणून लवचिक प्रकारचं पॉलिमरवालं केमिकल, दातेरी थापीने पूर्ण पसरून, लादीच्या पाठीलाही हात फिरवून. थापी प्लास्टिकची. दुसऱ्या दिवशी मी स्वतः दहाच्या नाण्याने प्रत्येक लादी वाजवतो, भरीव लादी टक् करते आणि पोकळ लादी ढब् करते, ऐकायला शिकायला दोन मिनिटं लागतात. ढब् वाजली की ती काढून परत.

आता मीटरचं. हा भाग कंटाळवाणा वाटेल पण इथेच मी एकदा चांगला फसलोय.

३०० वॉटची मॅट २३० व्होल्टवर चालते, तर तिचा रेझिस्टन्स २३० गुणिले २३० भागिले ३००, म्हणजे १७६ ओहम. कंपनीच्या लेबलवर आकडा लिहिलेला असतो, साधारण पाच टक्के खाली, दहा टक्के वर चालतं, म्हणजे १६७ ते १९४ मध्ये कुठेही आला तर मॅट ठणठणीत. हे माप खोक्यातून काढल्यावर एकदा, पसरल्यावर एकदा, वरचा थर मारल्यावर एकदा आणि लादी झाल्यावर एकदा, प्रत्येक वेळी भिंतीवर पेन्सिलने तारीख टाकून. शिवाय मेगरने, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, कंडक्टर आणि अर्थच्या वेणीमध्ये इन्सुलेशन बघायचं, नवीन मॅटला ते शेकड्यांनी मेगाओहम दाखवायला हवं.

महाबळेश्वरच्या एका बंगल्यात संध्याकाळी पाच वाजता मी १७६ मोजून चहा प्यायला गेलो. कारागिराने तेवढ्यात शेवटच्या दोन ओळी उरकल्या. सकाळी मीटर लावला तर ओएल. म्हणजे सर्किट तुटलेलं. पूर्ण लादी बसलेली, कुठे तुटलं देव जाणे. मी त्या कारागिराला रागावणार होतो पण आधी शांतपणे विचारलं, काल कुठली लादी काढून परत बसवलीस का? तो बिचारा म्हणाला हो, दरवाजाजवळची दुसरी, लेव्हल चुकली होती म्हणून लोखंडी थापीच्या टोकाने उचकटली. केमिकल अजून पूर्ण कडक झालं नव्हतं, ती लादी काढली तर खाली लाल वायरवर नखाएवढी चीर, आतली तार चमकत होती. रिपेअर किटने जॉइंट केला, श्रिंक स्लीव्ह तापवून बसवली, परत १७६. तो खोटं बोलला असता तर बाथरूम तोडायला लागलं असतं. तेव्हापासून लादी बसवताना मी छोटा अलार्म मॅटच्या टोकांना जोडून ठेवतो, वायर तुटली की तो बोंबलायला लागतो. काही मॅटबरोबर तो मिळतोही. आणि कारागिराला आधीच सांगतो, वायरला लागलं तर मला लगेच सांग, एक पैसा कापणार नाही.

शॉकचं विचारलंत. मॅटच्या वायरला दोन इन्सुलेशन, त्यावर अर्थची वेणी, त्यावर बाहेरचं कवच. ती अर्थला जोडलेली असेल आणि लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन बंद करणारा स्विच, असेल तर वायरला चीर पडून पाणी शिरलं तरी करंट वेणीतून अर्थला जातो आणि आरसीसीबी तिथल्या तिथे पडतो. पण यात ‘असेल तर’ दोनदा आलंय. जुन्या बिल्डिंगांमध्ये अर्थिंगची वायर डीबीपर्यंत, म्हणजे घरातल्या मेन स्विचच्या बोर्डापर्यंत, येते आणि पुढे कुठेच जात नाही हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता आधी अर्थिंग मोजतो, मग बाकीचं बोलतो. तुमच्या बिल्डिंगचं मोजून घ्या. लाइन डीबीपासून स्वतंत्र, ६ अँपिअरचा एमसीबी, गीझरच्या पॉइंटमधून टॅपिंग नको. आणि न्यूट्रलसुद्धा स्वतंत्र. दुसऱ्या लाइनचा न्यूट्रल यात मिसळला की आरसीसीबी कारण नसताना पडत राहतो, मग वैतागून कोणीतरी तो बायपास करतो, आणि मग खरंच धोका. इन्व्हर्टरवर ही लाइन घेऊ नका. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, पडला पाहिजे.

थर्मोस्टॅट बाथरूमच्या बाहेर, बेडरूमच्या बाजूच्या भिंतीवर. आत अजिबात नको, आपल्या बाथरूममध्ये वाफ आणि शिंतोडे कुठेही पोचतात. लादीतला सेन्सर पाइपमधून न्यायचा, दोन वायरींच्या बरोबर मधे, पाइपचं टोक टेपने बंद, आणि भिंतीतून जमिनीकडे वळताना पाइप गोलाईने वळवायचा, काटकोनात नको. कारण सेन्सर कधीतरी जातो, पाइप नीट असेल तर जुना ओढून नवा सरकवता येतो, नाहीतर लादी तोडा. बहुतेक सेन्सर २५ डिग्रीला १० किलोओहम दाखवतात, आपल्याकडे ३० डिग्रीत मोजलंत तर ८ च्या आसपास येईल, तो बिघडलेला नाही.

थर्मोस्टॅटमध्ये लादीची कमाल मर्यादा सेट करून लॉक करता येते, ती आईंसाठी ३० वर ठेवा. डायबेटिस असेल तर विशेष करून, कारण पायाची संवेदना कमी झालेली असली तर जास्त गरम झालेलं कळत नाही. लादीवर रबरची मॅट, मोठा प्लास्टिकचा टब असं पसरून ठेवू नका, खालची ऊब अडकते. पाट चालेल, पाय असलेला.

बिल. ३०० वॉट, दोन तास सतत चालली असं धरलं तरी ०.६ युनिट, आणि प्रत्यक्षात थर्मोस्टॅट मधूनमधून बंद करतो त्यामुळे त्याहून कमी. तुमच्या स्लॅबप्रमाणे युनिटला १० रुपये धरले तर दिवसाला सहा रुपयांच्या आत. २ किलोवॉटचा गीझर वीस मिनिटं चालला तर याहून थोडी जास्तच वीज घेतो. त्यामुळे बिलाची भीती सोडा, खर्च आहे तो मॅट, बोर्ड आणि चांगल्या केमिकलचा.

लादी झाल्यावर लगेच चालू करायची हौस आवरा. केमिकल सुकवायला मॅट लावायची नाही, आठवडाभर तरी थांबायचं, मी पावसाळ्यात चौदा दिवस थांबतो. मग रोज दोन-दोन डिग्री वाढवत न्यायची. आणि हो, एप्रिल-मे मध्ये काम झालं तर मालकाचा फोन ठरलेला, मॅट चालतच नाही म्हणून. थर्मोस्टॅट २८ वर असतो आणि लादी आधीच ३० डिग्री असते, तो चालू होणार कसा? तेव्हा टेस्टिंगला पाच मिनिटं सेटिंग वर न्यायचं आणि लाइनवर टाँग टेस्टर, म्हणजे वायरभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा, लावायचा, १.३ अँपिअर दिसले की झालं.

मॅट झाकायच्या आधी तिचे फोटो काढा, शेजारी मेजर टेप ठेवून, दरवाजापासून आणि भिंतीपासूनची अंतरं दिसतील असे. एक प्रिंट डीबीच्या झाकणाच्या आत चिकटवा. पाच वर्षांनी कोणी प्लंबर जमिनीत स्क्रू मारायला येईल तेव्हा तुम्ही घरी असालच असं नाही.

आता मला दोन मापं पाठवा, बेडरूमच्या लादीपासून बाथरूमची जुनी लादी किती खाली आहे, आणि कमोड भिंतीवर टांगणार की जमिनीवर. त्यावरून मॅट ४ मीटरची की साडेतीनची ते सांगतो, तोवर ऑर्डर देऊ नका.